खालच्या अकरा ओळी

सात वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, आमच्या दैनिकाच्या मुळशी तालुक्याच्या पानावर माझी एक बातमी छापून आली. मी एकेचाळीस ओळी पाठवल्या होत्या. छापून आल्या तीस. खालच्या अकरा ओळी कापल्या गेल्या. त्या कापल्या जाव्यात म्हणूनच मी त्या खाली ठेवल्या होत्या.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, संपादकांना नाही, दारू पिताना मित्रांनाही नाही. आता तुम्हाला सांगतो आहे — आणि सरळ सांगता येईल की नाही, माहीत नाही. कुठली गोष्ट वर ठेवायची आणि कुठली खाली, हे ठरवण्यातच माझं आयुष्य गेलं आहे. ती सवय इथेही आड येईल.

आमच्या धंद्याचा एक साधा नियम आधी सांगतो. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं ते पहिल्या परिच्छेदात लिहायचं, त्याहून कमी महत्त्वाचं दुसऱ्यात, असं उतरत जायचं. कारण संध्याकाळी पान लावताना जाहिरात आली की जागा कमी पडते, आणि उपसंपादकाला बातमी वाचत बसायला वेळ नसतो. तो खालून कापतो. न वाचता कापतो. पहिल्याच आठवड्यात नव्या वार्ताहराला हे शिकवतात. मी स्वतः कित्येकांना शिकवलं आहे. तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

बातमी कशाची होती? माले गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. वीस-पंचवीस घरं. भातशेती, थोडी जनावरं, उरलेले दिवस रिसॉर्टवर मजुरी. त्या वाडीतल्या पोरांची गळवं बरी होत नव्हती. कान वाहत राहायचे. खरचटलं तरी महिना-महिना चिघळायचं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या हे लक्षात आलं, त्यांनी वर कळवलं, आणि पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतून डॉ. मेधा वाडीत आल्या. रक्तातल्या पेशी हा त्यांचा विषय. त्यांनी घरोघरी जाऊन रक्त घेतलं. मी तालुक्याचा वार्ताहर, म्हणून मागे मागे होतो.

बहुतेकांच्या रक्तात शिसं निघालं.

डॉ. मेधांनी मला प्रयोगशाळेत बोलावून समजावून सांगितलं होतं. माझा अंदाज होता की शिशामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत असतील. त्या म्हणाल्या, नाही, मोजल्या तर पुरेशा भरतात. पण त्या पेशींसमोर जंतू ठेवला तर त्या त्याच्याकडे सरकायला उशीर करतात. काही सरकतच नाहीत. काही त्याला गिळतात, पण मारत नाहीत. जंतू पेशीच्या आत जिवंत राहतो. शिसं पेशीत शिरून कॅल्शियमची जागा घेतं, आणि ‘ऊठ, काम कर’ हा जो निरोप आत पोचायला हवा, तो पोचत नाही. ‘हजर असतात, पण काही करत नाहीत,’ असं त्या म्हणाल्या. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. वही अजून माझ्याकडे आहे. त्या वहीत दुसऱ्या कुठल्याच वाक्याखाली रेघ नाही.

त्यांनी एक अटही घातली होती. शिशामुळेच अमक्या पोराला अमुक आजार झाला, असं लिहायचं नाही. एकेका पोराबद्दल ते सिद्ध करता येत नाही. ती अट मी बातमीत पाळली. इथेही पाळणार आहे.

आता शिसं येत कुठून होतं, हा प्रश्न होता. वाडीची सामाईक भांडी आहेत — तांब्या-पितळेची मोठी पातेली, हंडे, पराती. जत्रेला, लग्नाला तीच. ती पार्वताबाईंच्या पडवीत ठेवलेली असतात. बचत गटाच्या त्या प्रमुख. दरवर्षी चैत्रातल्या जत्रेआधी पौडहून हसनचाचा यायचे आणि भाता लावून, नवसागर फिरवून सगळ्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई करून द्यायचे. पहिला संशय आला तो कल्हईवर. कथलात शिसं मिसळलं की ते स्वस्त पडतं, असं कुणीतरी डॉ. मेधांना सांगितलं होतं.

डॉ. मेधांनी चाचांना वाडीत बोलावून नमुना मागितला, तेव्हा त्यांना राग आला नाही. त्यांनी कथलाच्या कांबीचा तुकडा स्वतःच्या हाताने तोडून पिशवीत घातला. डॉ. मेधांना म्हणाले, ‘न्या की बाई. चाळीस वर्सं ह्याच कल्हईच्या भांड्यात जेवतुया मी. चाटून दाखवू का?’ सगळे हसले. पार्वताबाई म्हणाल्या, ‘चाचा, तुमी आधी दात घासा, मंग चाटा.’ चाचा म्हणाले, ‘दात ऱ्हायलेत कुटं?’

हसून झाल्यावर डॉ. मेधांनी सहज विचारलं, भांडी कशानं घासता? पार्वताबाई आत गेल्या आणि एका जुन्या डब्यातून राख घेऊन आल्या. बारीक, मऊ, करड्या रंगाची. चुलीची नव्हती. ‘आता गॅस आलाय, चुलीची राख कुटली? ही भट्टीवरची. लई झ्याक निघतंय तांबं. फुकाट देत्यात.’

वाडीच्या वर, खिंडीत एक भट्टी होती. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायची. वाडीतली चार-पाच माणसं तिथे कामाला होती. येताना गोणीत राख आणायची, ती घरोघरी वाटली जायची. भांडी तिनं घासायची, चहाच्या कपबशा तिनंच, पोराची दुधाची वाटी तिनंच. चूल गेली म्हणून राख आणायची ही कल्पना कुणा एकाची नव्हती. ती सगळ्यांची सोय होती.

डॉ. मेधांनी राखेचाही नमुना घेतला. त्या वेळी पार्वताबाईंची नात, तनू, चार वर्षांची, त्यांच्या मांडीला टेकून उभी होती. एका कानात कापसाचा बोळा. पार्वताबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘भाऊ, पोरीचा कान थांबंना. कशानं हुतंय ते कळलं की पयलं मला सांगा.’ मी म्हणालो, सांगतो.

एका शनिवारी निकाल आले. पाणी — काळजीचं काही नाही. मसाले, तांदूळ — नाही. कथील — शिसं आढळलं नाही. राख — भरपूर.

रविवारी मी बातमी लिहिली.

तुम्ही ती आज वाचलीत तर तुम्हाला एकही वाक्य खोटं सापडणार नाही. ते मला फार चांगलं जमतं. पहिल्या परिच्छेदात वाडीतल्या रक्तात शिसं सापडल्याचं. दुसऱ्यात पांढऱ्या पेशींचं. तिसऱ्यात, तांब्या-पितळेच्या सामाईक भांड्यांना दरवर्षी कल्हई केली जाते, आणि त्या कथलाचा नमुनाही तपासणीसाठी घेण्यात आला. खरंच घेण्यात आला होता ना? मग कल्हई म्हणजे काय, कशी करतात, यावर मी बारा ओळी खर्च केल्या. वाचनीय होत्या. आणि शेवटी, एकतिसाव्या ओळीपासून — कथलात शिसं आढळलं नाही. भट्टीच्या राखेत मोठ्या प्रमाणात आढळलं. त्या राखेने भांडी घासणं लगेच थांबवावं, असं डॉक्टरांचं सांगणं आहे.

त्या दिवशी पानाच्या तळाशी मोठी जाहिरात होती. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भट्टीच्या मालकांना. हार घातलेला फोटो, खाली मित्रमंडळाची नावं. ती जाहिरात मीच आणली होती. तालुक्याच्या वार्ताहराने बातम्याही आणायच्या आणि जाहिरातीही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. जाहिरात किती जागा खाणार, हे मला रविवारीच माहीत होतं. माझ्या बातमीला किती उरणार, हेही मी मोजलं होतं. तीस ओळी.

मला कुणी धमकावलं का? नाही. मालकांनी फोन केला? केला नाही. ते माझी बातमी येणार हे जाणतही नव्हते. संपादकांनी दबाव आणला? त्यांना काही ठाऊकच नव्हतं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण असल्या गोष्टींत वाचणारा आपोआप कुणी बलदंड माणूस शोधतो. इथे तसा कुणी नव्हता. शुभेच्छा आणि ती बातमी एकाच पानावर आल्या तर मालक काय म्हणतील, पुढच्या वर्षी जाहिरात देतील का, शहराच्या डेस्कवर माझी बदली व्हायची होती ती अडेल का — एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या ओळी लिहायच्याच नाहीत, एवढी हिंमतही मला झाली नाही. म्हणून लिहिल्या, आणि खाली ठेवल्या.

मथळाही मीच सुचवला होता. ‘वाडीच्या रक्तात शिसं, कल्हईवर संशय?’ प्रश्नचिन्ह माझं.

मंगळवारी सकाळी डॉ. मेधांचा फोन आला. शेवटचा भाग कुठे गेला? मी म्हणालो, डेस्कने कापला. त्या म्हणाल्या, मग उद्या पुन्हा छापा. मी म्हणालो, बघतो. त्याच संध्याकाळी त्या कामासाठी परदेशी निघणार होत्या, तीन महिन्यांसाठी. आरोग्य खात्याला अहवाल पाठवला आहे, पण तो खाली पोचायला वेळ लागेल, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘पण तुम्ही वाडीत जाऊन राखेचं तोंडी सांगितलंत ना?’

मी म्हणालो, हो. सांगितलं.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की अकरा ओळी हीच ती चूक. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायला आवडायचं. कारण त्या अकरा ओळी कापल्या दुसऱ्याने. हा ‘हो’ मात्र कुणी कापला नाही. तो पूर्ण पोचला, आणि त्यावर विश्वास ठेवून एक शास्त्रज्ञ विमानात बसली.

त्याच आठवड्यात हसनचाचा पौडच्या एसटी स्टँडजवळ भेटले. हातात घडी केलेला पेपर. भांडायला आले नव्हते. म्हणाले, ‘नाव न्हाई टाकलंत, लई उपकार. पर अख्ख्या तालुक्यात कल्हईवाला म्हंजे मीच की, सायेब. दुसरा हाय का कुनी? असला तर दावा, मी पन बघतो त्याच्याकडं संशयानं.’ नेहमीसारखे हसले. मग पेपर काखेत धरून विचारलं, ‘माझ्या कथलाचा रिपोट काय आला?’

रिपोर्ट माझ्या बॅगेत होता. बॅग खांद्याला होती.

मी म्हणालो, ‘अजून यायचाय, चाचा.’

ते म्हणाले, ‘आला की सांगा. दुकानात लावीन फ्रेम करून.’

का बोललो असं? त्यांना खरं सांगितलं असतं तर ते रिपोर्ट घेऊन तालुकाभर फिरले असते. मग लोकांनी विचारलं असतं — मग शिसं कशात निघालं? आणि वार्ताहराला हे माहीत होतं का? एक खोटं टिकवायचं तर त्याच्या शेजारी दुसरं उभं करावं लागतं, हे मी दुसऱ्यांबद्दल बातम्यांतून अनेकदा लिहिलं आहे.

आणखी एक बाकी आहे. हेच सगळ्यात शेवटी ठेवत होतो, हे आता माझ्याच लक्षात येतं आहे.

मार्चच्या अखेरीला जत्रेची बातमी करायला मी त्या वाडीत गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. नळकोंडाळ्यावर सात-आठ बायका होत्या. वाडीची सगळी भांडी बाहेर काढून आडवी केलेली. पार्वताबाई सगळ्यात मोठ्या पातेल्यात कमरेपर्यंत वाकून घासत होत्या. हात कोपरापर्यंत करडे. मला बघून बाहेर आल्या, पदराने कपाळ पुसलं — कपाळही करडं झालं. म्हणाल्या, ‘चाचाची कल्हई काढतोय. तुमीच लिवलंत न्हवं? निघंना लवकर. दोन गोण्या राख लागली.’

बाजूला दुसरी बाई हसत म्हणाली, ‘पेपरवाल्याला बी लावा घासायला. ह्येच्यामुळं कंबर मोडली आमची.’

तनू राखेच्या गोणीशेजारी बसली होती. तिला काम दिलेलं होतं: हाक आली की मूठभर राख नेऊन द्यायची. ती ओंजळ भरून धावत जायची, परत यायची, हात फ्रॉकला पुसायची. मध्येच तिने बोट तोंडात घातलं.

मला एक वाक्य बोलायचं होतं. ‘कल्हई नाही, राख.’ तीन शब्द. बातमीच्या एका ओळीतही बसले असते. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. कधीपासून माहीत होतं? आणि सगळ्या बायका हातातलं थांबवून माझ्याकडे बघत होत्या — मी काही बोलणार, असं माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

मी कॅमेरा काढला. म्हणालो, जरा इकडे बघा.

तो फोटो दुसऱ्या दिवशी तीन कॉलम छापून आला. ‘मुळशीत महिलांची विषमुक्ती मोहीम.’ फोटोत तनूही आहे, डाव्या कोपऱ्यात, ओंजळ पुढे धरलेली. त्या फोटोबद्दल मला अभिनंदनाचे फोन आले. मे महिन्यात शहराच्या डेस्कवर माझी बदली झाली.

राख बंद झाली ती पावसाळा संपल्यावर. डॉ. मेधांचा अहवाल फिरत फिरत तालुक्याला आला, नर्सबाईंनी घरोघरी जाऊन गोण्या पुरायला लावल्या. राख घाण असते, वापरू नका, एवढंच त्यांनी सांगितलं; कागदावर तेवढंच आलं होतं. भट्टी पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात गेली. वाडीने तांब्या-पितळेची भांडी मोडीत घातली आणि स्टीलची घेतली. कल्हईमुळे पोरं आजारी पडत होती, अशीच वाडीत समजूत राहिली. हसनचाचांना त्या जत्रेला कुणी बोलावलं नाही, पुढच्याही नाही. त्यांनी भाता विकला. शेवटची वर्षं ते मुलाच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसायचे. मी पौडला गेलो की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायचो. त्यांनी रिपोर्ट पुन्हा कधी विचारला नाही. दोन वर्षांपूर्वी ते वारले.

तनूच्या डाव्या कानाचा पडदा त्या पावसाळ्यात गेला. त्या कानाने तिला ऐकू येत नाही. ते कशाने झालं हे सिद्ध करता येत नाही. राख आणखी सात महिने वापरली गेली, हे सिद्ध करता येतं.

गेल्या रविवारी मी वाडीत गेलो. हे छापायला देण्याआधी पार्वताबाईंना सांगायचं होतं. ‘पयलं मला सांगा,’ असं त्या म्हणाल्या होत्या.

त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. ओळखलं त्यांनी. ‘या भाऊ, लई वर्सांनी,’ म्हणाल्या, आणि आत तोंड करून तनूला हाक मारली, पाहुण्यांना पाणी आण म्हणून. तिसऱ्या हाकेला तनू आली. अकरा वर्षांची आहे. पाण्याचा तांब्या आणि पेला माझ्यासमोर ठेवला आणि शाळेची वही घेऊन पायरीवर बसली, उजवा कान आमच्याकडे करून.

मी सांगितलं. वर्तमानपत्री क्रमाने नाही. जसं घडलं तसं. पार्वताबाईंचे हात सुपात थांबले होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

‘आमी घासत हुतो तवा तुमास्नी ठावं हुतं?’

मी म्हणालो, हो.

‘आन चाचाला? त्याला कळलं का मरायच्या आदी?’

मी म्हणालो, नाही.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या. माझ्यासमोरचा तांब्या आणि पेला उचलला आणि आत नेला. मी पाणी प्यालो नव्हतो.